चौकात रोप लावण्याआधी चौकाचा इतिहास वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयाच्या इमारतीच्या पोटात, चारी बाजूंनी बंद असलेला जो लहान चौक असतो, त्याच्या बागेविषयी हे पत्र आहे. एरवी त्या चौकाकडे कोणाचे लक्ष नसते. समारंभ जवळ आला की आठवडाभरात हिरवळीचे गालिचे अंथरले जातात, कुंड्या मांडल्या जातात, चार कोपऱ्यांत चार झाडे लागतात. दीड-दोन वर्षांत हिरवळीच्या जागी शेवाळ येते, झाडे एका अंगाला कलतात, कोवळी पाने पिवळी पडतात आणि सगळा दोष माळ्याच्या माथी बसतो. माळी यात बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्या चौकात ऊन कधी येते, पाणी कोठून येते आणि मातीखाली काय पुरलेले आहे, हे लावणीपूर्वी कोणी पाहिलेलेच नसते.

शिक्षणसंस्थेत चौक ठेवण्याची रीत फार जुनी आहे. नालंदाच्या उत्खननात सापडलेले विहार पाहा. मध्ये मोकळा चौक, भोवती ओवरी, ओवरीला लागून भिक्षूंच्या खोल्या, चौकात विहीर आणि पाणी बाहेर नेणारी मोरी. पाणी कोठून येणार आणि कोठून जाणार, याचा विचार तिथे इमारतीबरोबरच झालेला दिसतो. युरोपात सेंट गालच्या मठासाठी इ. स. 820 च्या सुमारास चर्मपत्रावर काढलेला आराखडा आजही टिकून आहे. त्यात औषधी वनस्पतींचे 16 वाफे रुग्णांच्या घराजवळ आहेत, भाजीचे 18 वाफे वेगळे आहेत, आणि फळझाडे दफनभूमीत आहेत. मठाच्या मुख्य चौकात मात्र चार बाजूंच्या मध्यातून निघालेल्या चार वाटा आणि मधोमध एक चौकोन, एवढेच. जिथे भिंतींची सावली पडते आणि माणसांची सतत ये-जा असते, तिथे भाजी पिकवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या कॉलेजांनी पुढे हीच रचना उचलली. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजची स्थापना 1379 ची. त्याच्या ओवऱ्यांच्या चौकात आज हिरवळ आहे आणि मोठे झाड एकच, सदाहरित ओक.

या इतिहासातला सर्वांत उपयोगी माणूस म्हणजे केंब्रिजचे डॉ. जॉन कीज. ते वैद्य होते. 1557 मध्ये त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजची पुनःस्थापना केली आणि 1565 पासून तिथे नवा चौक बांधायला घेतला. त्याच्या तीनच बाजूंना इमारती उभ्या केल्या. दक्षिणेची बाजू मुद्दाम मोकळी ठेवली, आणि पुढेही तिथे कोणी इमारत उठवू नये असा नियम घालून ठेवला. कोंडलेली हवा दूषित होते, हे त्यांचे कारण. आजच्या वैद्यकाला ते कारण तसेच्या तसे पटणार नाही, पण झाडांच्या दृष्टीने निर्णय अचूक होता. उत्तर गोलार्धात चौकाची दक्षिण बाजू उघडी राहिली की हिवाळ्याचे ऊन जमिनीपर्यंत पोचते आणि वाराही खेळतो. त्याच कॉलेजात प्रवेशद्वाराजवळच्या चौकात त्यांनी झाडांची रांग लावली होती. त्यांतले एकही मूळ झाड उरलेले नाही, पण तो चौक आजही झाडांच्याच नावाने ओळखला जातो आणि तिथे झाडांची रांग आहे.

इराणमधल्या इस्फहान शहरातला चहारबाग मदरसा 1706 ते 1714 या काळातला. त्याच्या चौकातून पाण्याचा पाट वाहतो आणि चौकात मोठमोठे चिनार आहेत. प्रदेश कोरडा, पण पाट आधी होता म्हणून चिनार शक्य झाले. पाटाशिवाय त्या चिनारांची नक्कल करणाऱ्याच्या हाती वाळलेली खोडे येतील.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. चौकातली काटेकोर कापलेली हिरवळ ही विद्यापीठांची शेकडो वर्षांची परंपरा आहे, असे मानले जाते. गवत कापण्याचे यंत्र एडविन बडिंग यांनी 1830 मध्ये बनवले. त्याआधी हिरवळ विळ्या-कोयत्यांनी कापावी लागे. आज छायाचित्रांत दिसणारी पट्ट्यापट्ट्यांची गुळगुळीत हिरवळ ही यंत्राची देणगी आहे, आणि ती ज्या हवेत टिकते ती हवा सगळीकडे नसते.

आता आपल्या समोरच्या चौकाचा इतिहास. तो चार ठिकाणी सापडतो: इमारतीच्या नकाशांत, पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या आराखड्यांत, जुन्या छायाचित्रांत आणि मातीत. स्नेहसंमेलनांची आणि निरोप समारंभांची जुनी छायाचित्रे फार बोलकी असतात. मागे उभे असलेले झाड कोणत्या वर्षापासून दिसेनासे झाले, फरशी कधी आली, पन्हळीचा नळ कोणत्या कोपऱ्यात उतरत होता, हे सगळे त्यांत दिसते. झाड नाहीसे झाले असेल तर त्याची मुळे अजून जमिनीत कुजत असण्याची शक्यता असते. कुजकी मुळे म्हणजे बुरशीचे घर आणि वाळवीला आमंत्रण. त्याच खड्ड्यात दुसरे झाड लावू नये, निदान जुनी जाड मुळे काढल्याखेरीज नाही.

मातीतला इतिहास वाचायला खणावे लागते. चौकात किमान तीन जागी 60 सेंमी लांब, 60 सेंमी रुंद आणि 90 सेंमी खोल चाचणीखड्डे घ्यावेत. एक भिंतीपासून दीड मीटरवर, एक मध्यभागी, एक जिथे मोठे झाड लावायचे मनात आहे तिथे. खड्डा घेण्याआधी विजेच्या तारा आणि नळ यांचा आराखडा पाहावा, आणि आराखडा नसेल तर पहारीऐवजी खुरप्याने सावकाश उतरावे. खड्ड्याच्या कडेवर थर दिसतात. बांधकाम झालेल्या चौकात नेहमी आढळतो तो क्रम असा: वर 10-15 सेंमी आणून टाकलेली काळी किंवा तांबडी माती, तिच्याखाली 30 ते 60 सेंमी राडारोडा, म्हणजे विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, चुना, खडी, लोखंडाच्या सळ्यांचे तुकडे, आणि त्याखाली दबून घट्ट झालेली मूळची माती. वरची 15 सेंमी पाहून रोपे लावली की पहिले वर्ष छान जाते. दुसऱ्या वर्षी मुळे राडारोड्यात पोचतात आणि झाड थांबते.

राडारोड्याचा खरा त्रास चुन्याचा आहे. प्रत्येक थरातली चमचाभर माती ताटलीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकावे. फसफसली तर तीत मोकळा चुना आहे आणि तिचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप) बहुधा 7.5 च्या वर आहे. अशा मातीत लोह असते, पण ते मुळांना घेता येत नाही. नवी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर ती बहुधा नत्राची कमतरता असते, त्याचा चुन्याशी संबंध नसतो. या दोन लक्षणांत गल्लत झाली की माळी युरियावर युरिया घालतो आणि रोप अधिकच खंगते. गंधक घालून सामू उतरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या मातीत मोकळा चुना आहे तिथे गंधकाचा सगळा जोर चुना विरघळवण्यात जातो आणि सामू जागचा हलत नाही. म्हणून दोनच मार्ग उरतात: चुनखडीयुक्त थर काढून टाकणे, किंवा चुना सोसणारी झाडे निवडणे. अनंत हे याचे ठळक उदाहरण. त्याला साधारण 5 ते 6.5 सामूची आम्लधर्मी माती लागते. चौकात हौसेने लावलेला अनंत पिवळा पडून मेला, तर कारण बहुतेक वेळा भिंतीच्या पायथ्याशी पुरलेल्या मालात असते, असे मी ठामपणे म्हणेन.

त्याच खड्ड्यांच्या शेजारी निचराही तपासता येतो. 30 सेंमी व्यासाचा आणि 30 सेंमी खोल खड्डा पाण्याने काठोकाठ भरावा आणि जिरू द्यावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून मोजपट्टी उभी करावी आणि दर तासाला पातळी टिपावी. तासाला अडीच ते साडेसात सेंमी पाणी उतरले तर निचरा चांगला. अडीचपेक्षा कमी उतरले तर मुळे गुदमरतील, आणि दहाच्या पुढे गेले तर माती पाणी धरणार नाही. पहिल्या दिवशीचा आकडा धरू नये. कोरडी माती पहिले पाणी अधाशासारखे पिते आणि निचरा उत्तम असल्याचा भास होतो.

उन्हाचा हिशेब तर कागदावरच करता येतो, आणि तो न करण्याला काही सबब नाही. दुपारी माथ्यावर आलेल्या सूर्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत काढायची तर 90 अंशांतून आपला अक्षांश वजा करावा. 21 जूनला त्यात साडेतेवीस मिळवावेत, 21 डिसेंबरला साडेतेवीस वजा करावेत. दक्षिण गोलार्धात हे महिने उलटे धरावेत. समजा चौक 12 मीटर लांब-रुंद आहे आणि भोवतीच्या भिंती 10 मीटर उंच आहेत. 20 उत्तर अक्षांशावर डिसेंबरात सूर्य साडेशेहेचाळीस अंशांवर येतो आणि दक्षिणेच्या भिंतीची सावली साडेनऊ मीटर पडते. म्हणजे ऐन दुपारीही ऊन असते ते उत्तरेकडच्या जेमतेम अडीच मीटरच्या पट्ट्यात. जूनमध्ये मात्र सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच जातो आणि दुपारी जवळजवळ सगळा चौक उन्हात न्हातो. चौकाच्या मध्यबिंदूला जूनमध्ये साधारण साडेचार तास थेट ऊन मिळते, डिसेंबरात शून्य. 52 अक्षांशावर हाच चौक असेल तर जूनच्या दुपारीही दक्षिणेकडचा सुमारे साडेपाच मीटरचा पट्टा सावलीत राहतो, आणि डिसेंबरात ऊन फक्त उत्तरेच्या भिंतीच्या वरच्या तीन मीटरना लागते. जमिनीला ते लागतच नाही.

या आकड्यांत चौकातल्या बहुतेक अपयशांचे कारण दडलेले आहे. हिरवळीला वर्षभर रोज सहा तासांच्या आसपास ऊन हवे. ते चौकाच्या मध्यावर कोणत्याच महिन्यात नाही, म्हणून तिथे गवत विरळ होते आणि शेवाळ दाट. हिवाळ्यात गार सावली पाहून लावलेले नाजूक नेचे उन्हाळ्यात दोन आठवड्यांत करपतात, कारण तीच जागा आता भर दुपारी उघडी पडलेली असते. म्हणून जागेवरचा पडताळा घ्यावाच. 21 डिसेंबर, 21 मार्च आणि 21 जूनच्या आसपास सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीची कड खडूने फरशीवर आखावी आणि कागदावर उतरवावी. सप्टेंबरची आखणी लागत नाही, ती मार्चसारखीच येते. वर्षभर थांबायची तयारी नसेल तर निदान वरचा हिशेब करून कागदावर तीन रंगांनी चौक रंगवावा: सहा तासांहून जास्त ऊन, तीन ते सहा तास, आणि तीन तासांहून कमी. झाडांची यादी त्यानंतर.

पाण्याकडे वळू. एक चौरस मीटरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपला 144 चौरस मीटरचा चौक घ्या. भोवतीची छपरे आत उतरती असतील आणि कौलांचे आढे भिंतीपासून तीन मीटर मागे असेल, तर छपराचे आणखी 180 चौरस मीटर चौकात रिते होतात. 50 मिलिमीटर पावसात चौकात 16,200 लिटर पाणी येते. उघड्या जमिनीवर पडले असते त्याच्या सव्वादोन पट. ते बाहेर जाण्याची वाट म्हणजे बहुधा एक-दोन जाळीची चेंबरे. बाग करताना वाफ्याची माती पसरताना नेमकी हीच चेंबरे बुजतात, आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी वर्गांच्या उंबऱ्याला लागते. चेंबरचे झाकण मातीने झाकू न देता कायम नजरेसमोर आणि हाताने उचलता येण्यासारखे ठेवावे. त्याआधी गाळ बसायला एक खोलगट कुंडी असावी आणि तिच्याभोवती हातभर जागेत काही लावू नये. फरशीचा उतार इमारतीपासून दूर, 80 ला 1 ते 60 ला 1 असावा. वाफ्यातली माती जोत्याच्या ओलरोधक थरापेक्षा किमान 15 सेंमी खालीच थांबली पाहिजे. मातीचा ढीग भिंतीला चढवला की आतल्या वर्गाच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, आणि मग संस्थेचे अभियंते बागच काढून टाकायला सांगतात. ते चुकीचे सांगत नाहीत.

पागोळ्या जिथे पडतात तिथे माती टिकत नाही. पाण्याच्या माऱ्याने खळगा पडतो आणि रोपांच्या पानांवर चिखल उडतो. त्या रेषेवर 40 सेंमी रुंदीचा गोट्यांचा पट्टा टाकावा. याउलट छपराचा कड पुढे आलेला असेल तर भिंतीलगतचा 30 ते 45 सेंमी पट्टा भर पावसातही कोरडाच राहतो. वेली थेट भिंतीशी लावल्या की त्या तहानेने मरतात, आणि बघणाऱ्याला वाटते, एवढा पाऊस असून मेल्या कशा? वेल भिंतीपासून 45 सेंमी पुढे लावून कामटीने मागे टेकवावी. भिंतीला चिकटणाऱ्या वेली चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर चढवू नयेत. भिंतीपासून 10 सेंमी पुढे ताणलेल्या तारेवर चढणाऱ्या वेली घ्याव्यात, म्हणजे रंगकामाच्या वेळी त्या उतरवता येतात.

चौकाखाली तळघर असेल, तर या पत्रातले सगळे बाजूला ठेवून आधी संरचना अभियंत्याकडे जावे. भिजलेली माती घनमीटरला सुमारे दोन टन भरते. 30 सेंमीचा थर म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 600 किलो. स्लॅबला ते पेलेल का, याचे लेखी उत्तर हवे.

झाड किती लावायचे? लहान चौकात एक. हे माझे ठाम मत आहे आणि त्यामागे मातीचा हिशेब आहे. झाडाच्या पसाऱ्याखालच्या दर चौरस मीटरमागे साधारण 0.6 घनमीटर चांगली माती लागते, असा उद्यानशास्त्रातला ढोबळ नियम आहे. चार मीटर व्यासाचा पसारा म्हणजे साडेबारा चौरस मीटर, म्हणजे साडेसात घनमीटर माती. ती 75 सेंमी खोलीत बसवायची तर दहा चौरस मीटर मोकळी जमीन हवी, साधारण सव्वातीन मीटर लांब-रुंद. एवढी जागा ऊन, वाट आणि नळ सांभाळून चौकात एकदाच निघते. फरशीत मीटरभर चौकोन कापून त्यात झाड बसवले, की ते आठ-दहा वर्षे कुंडीत असल्यासारखे जगते, मग एकतर फरशी उचलते किंवा वाळते. झाडाची जागा उत्तरेकडच्या अर्ध्या भागात, पण खिडक्यांपासून तीन-साडेतीन मीटर दूर. दक्षिणेच्या सावलीत लावलेले झाड प्रकाशाकडे ताणले जाऊन उत्तरेला कलते, आणि ते कलणे पुढे छाटणीने दुरुस्त होत नाही.

उष्ण प्रदेशात पारिजातक आणि सीता अशोक ही दोन झाडे चौकाला शोभतात. पारिजातक अर्धवट सावली सोसतो आणि छाटणीने आटोक्यात राहतो. सीता अशोक मुळात जंगलात मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारा, त्यामुळे सावली आणि ओलावा त्याला मानवतो. वाढ मात्र हळू, धीर हवा. रोपवाटिकेत अशोक म्हणून उंच, सरळसोट खोटा अशोक हातात पडतो, तो हा नव्हे. पाने पाहून घ्यावी: खऱ्या अशोकाच्या देठावर पर्णिकांच्या जोड्या असतात, खोट्याचे पान सुटे आणि कडेला नागमोडी असते. थंड प्रदेशात जपानी मेपलसारखे पानझडी लहान झाड चांगले, कारण पानगळीनंतर ते हिवाळ्याचे उरलेसुरले ऊन अडवत नाही. सोनचाफा चौकात लावू नये. त्याचा सुगंध सर्वांना हवासा असतो, पण तो वीस मीटरच्या पुढे जाणारा वृक्ष आहे. वड, पिंपळ, उंबर, रबर या कुळातले काहीही नको, त्यांची मुळे भिंतीच्या फटी शोधत जातात. पक्ष्यांनी भिंतीच्या सांध्यात रुजवलेली त्यांची रोपे वर्षातून दोनदा, बोटाएवढी असतानाच उपटावीत. मनगटाएवढी झाली की वीट निघाल्याखेरीज ती निघत नाहीत.

झुडपांत कुंती आणि तगर तीन-चार तासांच्या उन्हावर भागवतात. मोगरा सावलीत जगतो पण फुलत नाही, त्याला उत्तरेच्या भिंतीपुढचा उन्हाचा पट्टाच द्यावा. गडद सावलीत, जिथे तीन तासही ऊन नाही, तिथे फुलांचा आग्रह सोडून नेचे आणि रुंद पानांची सावलीतली झाडे लावावीत. जमीन झाकणारी रोपे 33 सेंमी अंतरावर लावली तर चौरस मीटरला नऊ बसतात, 25 सेंमीवर सोळा. पाच मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद वाफ्याला पहिल्या हिशेबाने 54 रोपे पुरतात. वाफा 1.2 मीटरहून रुंद करू नये, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर खुरपणारा माती तुडवतो. चौकात वारा कमी म्हणून झुडपे उघड्या बागेपेक्षा थोडी विरळच ठेवावीत. कोंदट कोपऱ्यात भुरी, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड हमखास येते.

वाटा आखण्याआधी विद्यार्थी कोठून चालतात ते पाहावे. एका दारातून समोरच्या दारात जाणारी तिरकी पायवाट सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात आपोआप उमटते. त्या पायवाटेवर वाफा आखणे म्हणजे रोपे तुडवायला देणे. दोघे जण दप्तरांसह शेजारून जाऊ शकतील इतकी, दीड ते 1.8 मीटर रुंद वाट तिथेच द्यावी. बाकीचे तपशील गौण आहेत.

लावणीची कृती. राडारोड्याचा थर संपूर्ण वाफ्याभर किमान 60 सेंमी खोल काढावा, केवळ झाडाच्या खड्ड्यापुरता नाही. घट्ट झालेला तळ पहारीने फोडून घ्यावा. तळाशी खडीचा थर घालण्याची पद्धत सोडून द्यावी. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडते आणि मुळांची ओली पातळी उलट वर सरकते. तीन भाग पोयट्याला एक भाग पूर्ण कुजलेले खत मिसळून भरावे, आणि अर्धकच्चे शेणखत टाळावे, त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे भाजतात आणि हुमणी येते. भरलेली माती दहा-पंधरा टक्के बसते. भरून, पाणी देऊन दोन-तीन आठवडे बसू द्यावी आणि मगच लावणी करावी.

झाडाचा खड्डा मातीच्या गोळ्याच्या दोन ते तीन पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल. खोल खड्डा खणून तो भुसभुशीत मातीने भरण्याची सवय फार नुकसान करते, कारण माती बसते, झाड खाली जाते आणि खोडाचा बुंधा पुरला जातो. पुरलेल्या बुंध्याची साल वर्ष-दोन वर्षांत कुजते. बुंधा जिथे रुंदावून मुळे फुटतात, ती जागा जमिनीच्या वर दिसलीच पाहिजे. पिशवीतल्या रोपाची मुळे गोल गुंडाळलेली असतील तर गोळ्याला उभ्या तीन-चार चिरा द्याव्यात आणि वळलेली मुळे मोकळी करावीत, नाहीतर तीच मुळे पुढे खोडाला फास लावतात. आधाराची काठी झाडाच्या एक तृतीयांश उंचीवर सैल बांधावी आणि वर्षाने काढून टाकावी. पालापाचोळ्याचे आच्छादन पाच ते साडेसात सेंमी जाड, खोडापासून चार बोटे दूर.

अडीच सेंमी जाडीच्या खोडाला एका वेळी आठ ते दहा लिटर पाणी द्यावे: पहिले दोन आठवडे रोज, पुढचे दहा आठवडे दर दोन-तीन दिवसांनी, नंतर आठवड्याला. हे बारा आठवडे महाविद्यालयाच्या मोठ्या सुट्टीत पडले तर लावणी वाया गेली असे समजावे. चौकातल्या बागा बहुतेक सुट्टीतच मरतात. लावणीची तारीख समारंभाच्या दिनदर्शिकेवरून न ठरवता सुट्टीपासून मागे मोजून ठरवावी. ठिबक आणि वेळयंत्र बसवले तरी आठवड्यातून एकदा माणसाने येऊन गाळणी धुवावी आणि प्रत्येक झुडपाखाली बोट घालून ओल पाहावी. ठिबकच्या नळीत एक तोटी गाळाने बुजली तर त्या झुडपाचे मरण कोणाला कळतही नाही. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेले पाणी त्याच फेरीत ओतून टाकावे. उबदार हवेत डासांची पिढी साधारण आठवडा-दहा दिवसांत तयार होते.

शेवटी नोंदवही. विद्यार्थी तीन वर्षांत जातात, प्राचार्य आणि माळी बदलतात, झाड राहते. प्रत्येक झाडाची आणि झुडपाची एक ओळ हवी: मराठी नाव, शास्त्रीय नाव, रोप कोठून आणले, लावणीची तारीख, आणि जागा. जागा लिहिताना 'खिडकीजवळ' असे लिहू नये. चौकाच्या दोन ठरलेल्या कोपऱ्यांपासून फितीने मोजलेली दोन अंतरे लिहावीत, तेवढ्याने जागा पक्की होते. बुजवलेल्या नळांची, तारांची आणि चेंबरांची नोंदही याच पद्धतीने त्याच वहीत करावी, चाचणीखड्ड्यांत सापडलेल्या थरांची मापे आणि सावलीचे तीन नकाशे मागे चिकटवावेत. नावाची पट्टी खोडाला खिळ्याने न ठोकता सैल तारेने फांदीला अडकवावी आणि दरवर्षी सैल करावी. वहीची एक प्रत ग्रंथालयात आणि दुसरी माळ्याच्या खोलीत, पाण्याच्या मुख्य तोटीजवळच्या कपाटात ठेवावी.

आपला विश्वासू,
एक वाचक